जड औषध, हलके औषध

पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि घरात बसलेल्या माणसांना एरवी न आठवणारी दुखणी आठवू लागतात. ऑपरेशन करून घ्यायचे तर याच दिवसांत, नारळी पौर्णिमेच्या आधी, असा इकडचा हिशेब. कमरेच्या ऑपरेशनला हा हिशेब बसत नाही, पण तो कोण ऐकतो!

अशाच एका आषाढात एक तांडेल माझ्यासमोर आले. वय पन्नाशीचे. जन्मभर रापणीचे दोर ओढलेले. मणक्यांमधली गादी सरकून तिने डाव्या पायाची शीर दाबलेली. आयुर्वेदाने जिला गृध्रसी म्हटले आणि आपण सगळे आज सायटिका म्हणतो, तीच ही व्याधी. ऑपरेशनला ते तयार होते. भुलेची गोष्ट निघाली तेव्हा मात्र हात जोडून म्हणाले, "डॉक्टरांनू, माका सबंद निजवा. पण कमरेत सुय नको. आमच्या वाडयेतल्या एका बायलमाणसाक सुय दिल्यानी, तेव्हापासून तिका वाकाक येणा नाय."

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी या किनाऱ्यावर किती वेळा ऐकले त्याची मोजदाद नाही. त्याला हसून भागत नाही. कारण या भीतीच्या मागे खरोखरच घडलेल्या काही गोष्टी आहेत. फक्त त्या घडल्या निराळ्या ठिकाणी आणि बहुतेक निराळ्या कारणांनी. गंमत अशी की लोकांना सुई दिसते. सुईतून आत काय जाते हे कोणी विचारीत नाही. आणि या भुलेचा सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास पाहिला तर तो सुईपेक्षा त्या दोन-तीन घनसेंटिमीटर औषधाच्या निवडीचाच इतिहास आहे.

आधी जागा समजून घेऊ. आपला मज्जारज्जू कण्याच्या अगदी टोकापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली उरते ती पाण्याने भरलेली पिशवी आणि तिच्यात घोड्याच्या शेपटीसारख्या लोंबणाऱ्या शिरा. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ कल्पनेने ओढली तर ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. त्या रेघेच्या आसपास सुई घातली म्हणजे रज्जूला धक्का लागत नाही. शिरा पाण्यात असल्यामुळे सहसा बाजूला सरकतात. त्या पाण्यात औषध मिसळले की कमरेखालचे अंग काही काळ आपले राहत नाही. मनुष्य जागा असतो, बोलतो, आपला श्वास आपण घेतो.

जर्मनीतल्या कील या बंदराच्या गावी हे प्रथम नीट साधले. तेथेच 1891 मध्ये हाइनरिक क्विंके यांनी कमरेतून पाणी काढण्याची रीत बसवली होती. तेथेच ऑगस्ट बीअर या शस्त्रवैद्याने 16 ऑगस्ट 1898 रोजी घोट्याच्या क्षयाने आजारी असलेल्या एका मजुराला त्याच मार्गाने कोकेन दिले. न्यूयॉर्कच्या कॉर्निंग यांनी 1885 मध्ये असा एक प्रयोग केला होता खरा, पण औषध नेमके कुठे पोचले याची त्यांनाच खात्री नसावी. बीअर यांनी काही रोगी केल्यानंतर आठवड्याभरात प्रयोग स्वतःवर करायचे ठरवले. 24 ऑगस्टला त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी त्यांच्या कमरेत सुई घातली, पण पिचकारी सुईला बसेना. औषध वाया गेले आणि बीअर यांच्या कण्यातले पाणी मात्र बरेच वाहून गेले. मग भूमिका उलटल्या. हिल्डेब्रांट यांच्या कण्यात कोकेन गेले, पाय बधिर झाले, आणि बीअर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारून पाहिला, पेटती सिगार टेकवून पाहिली. कळ नाही! संध्याकाळी दोघांनी मद्य आणि सिगार घेऊन यश साजरे केले. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघांचीही डोकी उठली. बीअर तर बसले की डोके दुखे आणि आडवे झाले की थांबे, अशा स्थितीत नऊ दिवस होते.

ही डोकेदुखी ध्यानात ठेवा. बीअर यांच्या कण्यात औषध जवळजवळ गेलेच नव्हते, तरी ते आजारी पडले. म्हणजे दोष औषधाचा नव्हता. सुईने पाडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहिले होते, त्याचा होता. पुढे सुया बारीक झाल्या, 1951 पासून पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया आल्या आणि ही डोकेदुखी पुष्कळ कमी झाली. सुईचा म्हणून जो खरा दोष होता तो एवढाच. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो. वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचे मूळ मात्र सुईत सापडलेले नाही.

औषधाची गोष्ट याहून लांबलचक आहे. कोकेन विषारी, त्यातून व्यसन लावणारे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी 1884 मध्ये डोळा बधिर करण्यासाठी ते वापरून साऱ्या जगाला चकित केले होते. आणि तेच कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुंबईत विड्याच्या पानातून खाल्ले जाऊ लागले, इतके की सरकारला त्याच्या विक्रीवर बंधने घालावी लागली. औषध म्हणून आलेल्या वस्तूचे असे होते कधी कधी. रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या द्रव्याच्या शोधात होतेच. फ्रान्समध्ये अर्नेस्ट फुर्नो यांनी 1904 मध्ये स्टोव्हेन काढले. फुर्नो म्हणजे फ्रेंचमध्ये भट्टी, इंग्रजीत स्टोव्ह, म्हणून स्टोव्हेन! त्याच सुमारास जर्मनीत आइनहॉर्न यांनी नोव्होकेन काढले. स्टोव्हेन शिरांना चुरचुरणारे; नोव्होकेन सौम्य, पण जेमतेम तासाभराचे सोबती. चांगले ते टिकेना आणि टिके ते त्रास देई. निवडीचा हा पेच तेव्हापासूनचा.

आमच्या बाजूला या भुलेचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. हिंदुस्थानात तेव्हा क्लोरोफॉर्मचे राज्य होते. क्लोरोफॉर्म हृदयाला मारते की श्वासाला, या वादासाठी निजामाच्या पैशाने 1888 आणि 1889 मध्ये हैदराबादेत दोन मंडळे बसली होती. वाद काहीही असो, क्लोरोफॉर्म द्यायला रोग्याच्या उशाशी एक जाणता माणूस सबंध वेळ लागतो. तो मुंबईत मिळे; कोकणात कुठून मिळणार? वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे सेंट ल्यूक रुग्णालय होते. तेथे डॉक्टर गोहीन काम करीत. त्यांचा वेंगुर्ल्यात 1919 मध्ये जन्मलेला मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. घाट चढून गेले तर मिरजेला वॉनलेस यांनी 1894 मध्ये उघडलेले रुग्णालय. दक्षिणेला गोव्यात 1842 पासूनची वैद्यकशाळा, पण मध्ये 1961 पर्यंत पोर्तुगिजांची सरहद्द. बाकी सारा किनारा पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की आपल्या नशिबावर. अशा मुलखात एकट्या शस्त्रवैद्याने स्वतःच कमरेत सुई द्यावी, हात पुन्हा धुवावेत आणि स्वतःच ऑपरेशनला उभे राहावे, ही रीत आडगावच्या दवाखान्यांत पुष्कळ वर्षे चालली. ती आदर्श होती असे मी म्हणणार नाही. रोग्याचा रक्तदाब उतरतो आहे हे पाहायला डोळे दोनच, आणि ते जखमेत गुंतलेले. तरी तिने कित्येक जीव वाचवले हेही तितकेच खरे.

आता मुद्द्यावर येतो. 1907 मध्ये लंडनच्या आर्थर बार्कर यांनी एक साधी युक्ती केली. स्टोव्हेनमध्ये त्यांनी ग्लुकोज, म्हणजे साखरच, घातली. त्यामुळे औषध कण्यातल्या पाण्यापेक्षा जड झाले. कण्याला बाक असतात. आपण उताणे निजलो की छातीच्या मागे एक खोलगट भाग होतो, कमरेपाशी उंचवटा. जड औषध उतार धरून खोलगटात जाऊन बसते. बार्कर यांनी कण्याच्या बाकाची काचेची नळी करून तिच्यात हे दाखवले. तोपर्यंत औषध किती द्यायचे याचाच विचार होता. ते कुठे जाईल हे आपल्या हातात आहे, हे यानंतर लोकांच्या नीट ध्यानात आले.

तांडेलांना मी हेच समजावीत होतो. जड, हलके, उतार, असे काहीबाही हातवारे करीत होतो. माझे बोलणे पुरे होण्याआधीच ते म्हणाले, "म्हणजे पावसातली खाडी! वर गोडा पाणी, खाली खारा." मी थक्क झालो. कर्लीच्या किंवा कोळंबच्या खाडीत पावसाळ्यात वरून नदीचे गोडे पाणी वाहते आणि तळाशी समुद्राचे जड खारे पाणी तसेच राहते, हे इकडचे पोरसुद्धा जाणते. बार्कर यांना काचेची नळी करावी लागली. आमच्या तांडेलांना लागली नाही.

खाडी कळली की पाठीच्या ऑपरेशनचा पेच कळतो. अपेंडिक्स असो, हर्निया असो, रोगी उताणा असतो. कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन करायचे तर त्याला पालथे घालावे लागते. कण्यातून निघणाऱ्या शिरांची मुळे दोन ओळींत असतात: पुढची ओळ हालचालीची, मागची संवेदनेची. मनुष्य पालथा झाला की मागची ओळ वर येते आणि पुढची तळाला जाते. म्हणजे दुखणे ज्या मुळांतून कळते ती आता खाडीच्या वरच्या पाण्यात. जड औषध स्थिर होण्याआधी रोगी पालथा केला तर ते पुढच्या बाजूला उतरणार. हलके औषध वर तरंगून नेमके मागच्या मुळांना भिडणार. लंडनच्या हॉवर्ड जोन्स यांनी 1930 मध्ये हेच हेरले. सिंकोकेन हे नवे, प्रखर आणि दोन-तीन तास टिकणारे औषध त्यांनी 1500 भागांत 1 भाग इतके पातळ करून पाण्यापेक्षा हलके ठेवले आणि सुई दिल्यावर रोग्याला काही मिनिटे मुद्दाम पालथे निजवले. त्यांचे रोगी बहुतेक पोटाच्या ऑपरेशनचे होते, म्हणून ते पुन्हा त्यांना उताणे करीत. चारच वर्षांनी, 1934 मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सायटिकेचे मूळ सरकलेल्या गादीत असते आणि ती काढता येते हे दाखवून दिले. मग पालथ्या रोग्यांची संख्या वाढू लागली. पालथे घातलेल्या रोग्याला पुन्हा उताणे करायची गरजच नव्हती.

एवढे सगळे जुळून आले असताना घात झाला तो इंग्लंडात. 13 ऑक्टोबर 1947 रोजी चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो या दोघा मजुरांना किरकोळ ऑपरेशनांसाठी कमरेत सिंकोकेन दिले. दोघेही कमरेखाली लुळे झाले ते जन्माचेच. त्या काळी औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून कार्बोलिकमध्ये बुडवून ठेवीत. काचेला न दिसणारे तडे गेले, त्यांतून कार्बोलिक आत झिरपले, असे न्यायालयात मांडले गेले. आणि 1947 मध्ये असे तडे जातात हे कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा डॉक्टरला दोष देता येत नाही, असा निकाल लागला. 1954 मध्ये अपिलातही तोच कायम झाला. पुढे अभ्यासकांनी वेगळाच तर्क मांडला: सुया-पिचकाऱ्या उकळण्याच्या भांड्यात क्षार काढायला वापरलेले आम्ल उरले असावे. काहीही धरा, सिंकोकेन स्वतः गुन्हेगार होते असे कोणी सिद्ध केले नाही. पण सुई बदनाम झाली. इंग्लंडात अनेक वर्षे ही भूल फार थोडे जण देत. त्याच 1954 साली अमेरिकेत ड्रिप्स आणि व्हॅन्डम यांनी 10,098 वेळा दिलेल्या भुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात शिरांना कायमची मोठी इजा आढळली नाही. पण दोन लुळ्या माणसांची बातमी जितकी फिरते तितका हा आकडा फिरत नाही. आमच्या वाडीतल्या त्या बाईची गोष्ट जशी फिरते, तशीच.

आपल्याकडे मात्र सुई थांबली नाही. थांबून चालणारेच नव्हते. जड सिंकोकेन चालू राहिले आणि मग लिग्नोकेन आले. स्वीडनच्या लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी ते 1943 मध्ये तयार केले, 1948 मध्ये बाजारात आले. साखर घातलेले पाच टक्क्यांचे जड लिग्नोकेन म्हणजे आमच्या पिढीचे घरचे औषध. दोन-तीन मिनिटांत पाय जड, तासा-दीड तासात पुन्हा हलके. वाटले, आता शोध संपला.

तो संपला नव्हता. 1991 मध्ये अमेरिकेत केसासारख्या बारीक नळीतून पुन्हा पुन्हा जड औषध दिलेल्या काही रोग्यांच्या घोड्याच्या शेपटीला इजा झालेली आढळली. बहुतेकांत औषध हेच लिग्नोकेन होते. घट्ट औषध एकाच जागी साचून राहिले होते, पुन्हा खाडीचाच न्याय. 1993 मध्ये दुसरी तक्रार पुढे आली: एकदाच सुई घेतलेल्यांनाही दुसऱ्या दिवशी दोन्ही ढुंगणांत आणि मांड्यांत कळा, ज्या काही दिवसांत आपोआप जातात. आता विचार करा, गुडघ्याच्या रोग्याला अशा कळा आल्या तर त्याची समजूत घालता येते. पण जो मुळात ढुंगणातली आणि मांडीतली कळ घेऊनच आला, त्याची गादी काढल्यावर दुसऱ्या दिवशी तीच कळ उठली, तर त्याने काय समजावे? ऑपरेशन फसले असेच ना! माझ्या मते पाठीच्या ऑपरेशनातून लिग्नोकेन दूर ठेवायला एवढे एकच कारण पुरेसे आहे.

त्याची जागा बुपिव्हाकेनने घेतली. हेही स्वीडनचेच, 1957 चे. कण्यात ते 1966 पासून जाऊ लागले. असर दोन ते तीन तास, आणि त्या कळा क्वचित. ते दोन रूपांत मिळते. एक अर्धा टक्का साखरेसह जड, दुसरे अर्धा टक्का साधे. साधे शरीराच्या उष्णतेला किंचित हलके होते, म्हणजे हॉवर्ड जोन्स यांच्या वाटेवरचे. मणक्याच्या ऑपरेशनला यांतले कोणते, यावर भूलतज्ज्ञांत आजही दोन पक्ष आहेत. जड औषधाची उंची आधी सांगता येते, ते लवकर लागते. पण सुईनंतर दहा-पंधरा मिनिटे उताणे ठेवून ते बसू द्यावे लागते, मगच पालथे करायचे. साध्याला लागायला थोडा वेळ, कुठवर चढेल याची खात्री कमी, पण ते टिकते जास्त आणि रक्तदाब सहसा हळू उतरवते. एका गादीच्या ऑपरेशनाला मी साध्याकडे झुकतो. म्हाताऱ्या, हृदयाच्या दुबळ्या माणसाला तर नक्कीच. माझे काही सहकारी जडच वापरतात आणि त्यांचे रोगीही माझ्या रोग्यांइतकेच बरे होतात, हे सांगायला हवे.

जड औषधाच्या कुपीबद्दल एक जुनी तंबी. त्यात साखर असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा वाफेत निर्जंतुक करायची नाही. साखरेचा पाक जास्त कढवला की तांबूस होतो, तसेच कुपीतले होते. पिवळट दिसली की फेकून द्यायची, किंमत कितीही असो.

सुई सगळ्यांनाच द्यावी असेही नाही. चार-पाच मणके पट्ट्या-स्क्रूंनी जोडायचे असतील तर वेळ पुरत नाही. पालथ्या माणसाची भूल मध्येच उतरू लागली तर त्याच्या घशात नळी घालणे हे सर्कशीचे काम आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, सुईच्या जागी पुवाळले असेल, तर नाहीच. आणि ज्याला सुई द्यायची त्याच्या पायाचा कोणता अंगठा आधीच उचलत नाही, कुठे मुंग्या आहेत, हे भुलेआधी कागदावर लिहून ठेवायचे. तांडेलांचा डावा अंगठा उचलत नव्हता. ते मी त्यांच्या मुलासमोर लिहिले, त्याला वाचून दाखवले. नाहीतर दुसऱ्या दिवशी तो अंगठाही सुईच्याच नावावर जमा झाला असता.

तांडेल शेवटी तयार झाले. साधे बुपिव्हाकेन दिले. पालथे घातल्यावर उशीत तोंड खुपसून ते मधूनमधून "काढल्यानी काय?" असे विचारीत होते. सव्वा तासात गादी निघाली. पाय हलू लागले ते ऑपरेशन संपल्यावर बऱ्याच वेळाने, आणि तोवर त्यांची चहाची मागणी सुरू झाली होती. नारळी पौर्णिमेला होडी लोटायला मी त्यांना अर्थातच जाऊ दिले नाही. नारळ मात्र मुलाकडून आला.

शोध अजून चालूच आहे. छोट्या ऑपरेशनांसाठी आता क्लोरोप्रोकेन पुन्हा पुढे आले आहे. हे 1950 नंतरच्या वर्षांतले जुने औषध. 1980 च्या सुमारास त्याच्यावर शिरांना इजा केल्याचा आळ आला होता. संशय पुढे त्यात टिकाऊपणासाठी घातलेल्या दुसऱ्याच द्रव्यावर गेला. ते द्रव्य वगळून केलेल्या औषधाला 2017 मध्ये अमेरिकेत कण्यासाठी परवानगी मिळाली. असर तासाभराचा, म्हणजे जवळजवळ नोव्होकेनइतकाच. गादी काढायला तेवढा वेळ पुरतो की नाही, हे औषधापेक्षा शस्त्रवैद्याच्या हातावर अवलंबून आहे.